ट्रफलचे काम आपल्याकडे कोण करते? परभणी परिसरातील पावसाळी नोंद

मराठवाड्यात ट्रफल, म्हणजे जमिनीखाली फळ धरणारे वासाचे खाद्य कवक, सापडेल का, हा प्रश्न कवकांच्या छंदात नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. काळ्या ट्रफलला, म्हणजे ट्युबर मेलॅनोस्पोरमला, साधारण ७.५ ते ८.३ सामूची चुनखडीयुक्त जमीन मानवते. आपल्या काळ्या रानात असा सामू आणि चुनखडीचे खडे पुष्कळ ठिकाणी आढळतात, त्यामुळे आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ओक किंवा हेझलसारखे यजमान झाड, थंड हिवाळा आणि पाण्याचा चांगला निचरा यांपैकी काहीच आपल्या चिकण रानात नाही. म्हणून या पावसाळ्यात मी ट्रफलऐवजी त्याचे काम येथे कोण करते, याच्या नोंदी ठेवत आहे.

ते काम मुळांवरचे आहे. ट्रफलच्या म्हणजे ट्युबरेसी कुलातील कवके झाडाच्या बारीक मुळांच्या टोकांवर तंतूंचे आवरण चढवतात, त्यातून झाडाला पाणी आणि स्फुरद पुरवतात व बदल्यात शर्करा घेतात. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात ट्रफलची लागवड कशी करता येईल, हे शोधण्याचे काम आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले होते. लागवड बाजूला राहिली आणि १८८५ मध्ये त्यांनी या सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले. आज तोच शब्द आपल्या कृषी सेवा केंद्रांतील पुड्यांवर छापलेला दिसतो, पण पुडीतील कवक वेगळ्या गटाचे असते. त्याकडे पुढे येतो.

आवरणवाले कवक पाहण्यासाठी मी कालव्याच्या भरावावरील निलगिरीची रांग निवडली, कारण निलगिरी असे सहजीवन करते आणि मुरमाड, निकृष्ट जमीन पिसोलिथस या आवरणवाल्या कवकाला चालते. आर्द्राच्या पावसानंतर बुंध्याजवळची माती खुरप्याने हलकेच सैल केली, तेव्हा पिवळसर तपकिरी तंतूंच्या दोऱ्या मुळांना लगडलेल्या दिसल्या. काही दिवसांनी त्याच जागी अर्धवट जमिनीत रुतलेली फळे मिळाली. कोवळे फळ पात्याने उभे चिरले की काळ्या, चिकट गरात पिवळे दाणे चिक्कीतील शेंगदाण्यांसारखे दाटीने बसलेले दिसतात. पक्वता वरून खाली सरकत जाते आणि शेवटी दाण्यांची तपकिरी पूड होते, जी बोटांवरून लवकर निघत नाही. याच झाडांखाली स्क्लेरोडर्मा या दुसऱ्या कवकाचे गोळेही येतात. त्यांतील काही जाती विषारी आहेत, तेव्हा गोल दिसले म्हणून कोणी चाखू नये.

पिसोलिथस आणि स्क्लेरोडर्मा हे ट्रफलचे नातेवाईक नव्हेत. त्यांचे कूळ बोलेटस छत्र्यांच्या गणातले. खरा फरक बीजाणू पसरवण्यात आहे आणि मला सर्वांत रस याच भागात वाटतो. पिसोलिथसची पूड वारा आणि पाऊस नेतात. ट्रफलचे फळ मात्र शेवटपर्यंत जमिनीखालीच राहते, त्याच्या बीजाणुपिशव्या बीजाणू बाहेर उडवत नाहीत, त्यामुळे ते उकरून खाणाऱ्या प्राण्याशिवाय त्याचे चालत नाही. प्राण्याला बोलावतो तो वास. डुकरे एका संप्रेरकासारख्या रसायनामुळे येतात, असा समज बराच काळ होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रयोगात डुकरे व कुत्रे त्या रसायनाकडे नव्हे, तर डायमिथिल सल्फाइडकडे वळले. उंदीर, खारी, रानडुकरे फळ खातात आणि विष्ठेतून बीजाणू दुसऱ्या मुळांपाशी पोहोचवतात.

निलगिरी परकी असल्याने चित्र तिच्यावर संपत नाही. सागवान, कडुलिंब आणि तूर यांची मुळे भिंगाखाली पाहिली असता आवरण कोठेही आढळले नाही. कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून शाई व व्हिनेगरने रंगवल्यावर मात्र पेशींच्या आत झुडपासारख्या फांद्या स्पष्ट दिसतात. पुड्यांत असते ते हेच कवक, आणि आपल्या रानातील बहुतेक झाडे व पिके याच्याच भरवशावर आहेत. तुरीखालची माती पाण्यात ढवळून बारीक चाळणीतून गाळली, तर त्याचे गोल बीजाणू भिंगातूनही सापडतात.

यापुढे रानडुकराची विष्ठा आणि उंदरांच्या लेंड्या वाळवून त्यांत जमिनीखालच्या कवकांचे बीजाणू मिळतात का, ते पाहणार आहे. ज्यांच्याकडे ४०० पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे, त्यांनी आपापल्या शिवारातील नमुने तपासून झाडाच्या नावासह नोंद ठेवावी. झाडाचे नाव नसलेला नमुना माझ्या दृष्टीने निरुपयोगी आहे.