आधी काढायला शिका

"ताई, मला घरी नेलचं काम सुरू करायचंय. सामानाला किती लागतील? आणि कोर्स किती दिवसांचा करू?"

आठवड्यातनं दोन-तीन फोन तरी असे येतात. कुणी तासगावची, कुणी विट्याची, कुणी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतलीच, दोन गल्ल्या पलीकडची. फोन येतो तेव्हा समोर कुणाचा तरी हात माझ्या हातात असतो, त्यामुळे एकीलाही आजवर धड उत्तर देता आलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत बसून लिहिते.

पैशांचं आधी सांगून टाकते. 2021 च्या डिसेंबरात मी आमच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं तेव्हा 22 हजार रुपये गेले. जेल (नखांवर लावायचा जाडसर रंग), ते घट्ट करायचा लॅम्प, घासायचं ड्रिल मशीन, टिपा (नखांना चिकटवायची नकली टोकं), फायली, नख गुळगुळीत करायचे बफर, बसायच्या दोन खुर्च्या. त्यातले 8 हजार नुसते रंगांवर घातले, साठ बाटल्या आणल्या. बारा पुरल्या असत्या. सांगलीत लग्नसराईला लाल, मरून, वाइन आणि अंगाच्या रंगाशी मिळणारे फिके रंग जातात. बाकीच्या बाटल्या मुदत संपेपर्यंत पडून राहिल्या. रंग कमी घ्या आणि वाचलेले पैसे बऱ्या लॅम्पवर घाला. कर्ज काढायचंच असेल तर मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज 50 हजारांपर्यंत मिळतं, तेवढ्यात सगळं बसतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे, त्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीच्या नोंदणीचीही चिंता नाही.

झालं पैशांचं. आता जे कुणीच विचारत नाही त्याबद्दल.

जेल लावायचं कसं ते सगळ्यांना शिकायचं असतं. काढायचं कसं, हे आजवर एकीनंही फोनवर विचारलेलं नाही. मीही शिकताना विचारलं नव्हतं. माझ्या पंधरा दिवसांच्या कोर्समध्ये रिमूव्हल, म्हणजे जुनं जेल काढणं, अर्ध्या तासात उरकलं होतं. त्या अर्ध्या तासाची किंमत एका मुलीनं मोजली.

2022 ची दिवाळी. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझ्या वहीत अकरा नावं होती. ही मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पाच वाजता आली. जुनं जेल काढून नवं लावायचं होतं. बाहेर आणखी दोघी बसलेल्या. अ‍ॅसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळल्यावर दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं असतं, मी सहाव्या मिनिटाला उघडलं. जेल कडेनं थोडं सुटलं होतं, मधे घट्ट होतं. मी पुशर, म्हणजे जेल ढकलायची चपटी काडी, खाली घातला आणि रेटला. कांद्याचं वाळकं साल निघावं तसा आवाज आला आणि जेलबरोबर नखाचा पापुद्रा वर आला. पांढरा, पातळ. ती म्हणाली, "ताई, जरा चरचरतंय." मी म्हटलं, होतं तसं. दहाही बोटं तशीच केली आणि वर नवं जेल लावलं. लॅम्पमध्ये हात घातल्या घातल्या तिनं झटक्यात बाहेर काढला. जेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि नख पातळ असेल तर ती थेट खालच्या मांसाला लागते, हे मला माहीत होतं. तरी मी तिला म्हटलं, पुन्हा घाल, दोन सेकंदांत जातं.

भाऊबीज झाल्यावर ती आईला घेऊन आली. नवं जेल सगळ्या बोटांवर सुटलं होतं आणि खालची नखं भिजलेल्या कागदासारखी दुमडत होती. तिची आई आवाज चढवून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पोरीला चहाचा कप धरवत नाही ओ."

मी पैसे परत केले, पण पैशानं नख येत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने लागतात, ते घाईनं वाढवायचं औषध नाही. तेव्हा ठरवलं की तिचं नख पुरतं येईपर्यंत दर दुसऱ्या रविवारी तिला बोलवायचं, नखं कापून द्यायची, घाण्याचं खोबरेल चोळून द्यायचं, वर काहीही लावायचं नाही. ती येत राहिली, हे तिचे उपकार. मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन मी मोजायची. मुळाशी गुळगुळीत, गुलाबी नवं नख आणि पुढं खडबडीत, पांढुरकं जुनं. दोन्हींच्या मधे एक रेघ होती. दिवाळीत ती रेघ मुळाच्या कातडीतच होती. संक्रांतीला मधल्या बोटावर निम्म्याच्या पुढं गेली. करंगळी मागं होती, लांब बोटाचं नख लवकर वाढतं आणि करंगळीचं हळू, ते मी तेव्हा पट्टीवर पाहिलं. पाडव्याला मधल्या तिन्ही बोटांची रेघ टोकाशी आली. अंगठ्यांना मे उजाडला. वहीची ती दोन पानं माझ्याकडे अजून आहेत आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी ती पानं दाखवते.

तर काढायचं कसं. पहिलं, समोरच्या नखावर काय आहे ते ओळखा. साधं जेल पॉलिश अ‍ॅसिटोननं फुगून सुटतं. हार्ड जेल सुटत नाही, ते घासूनच उतरवावं लागतं आणि तेही नखावर एक पातळ थर राखून. बाई दुसरीकडून करून आली असेल तर "कशानं केलं होतं?" हे विचारा, तिला माहीत नसेल तर एका नखावर करून बघा. वरचा चकचकीत टॉप कोट फायलीनं मोडा, नाहीतर अ‍ॅसिटोन आत शिरतच नाही. भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा. कापूस नखाएवढाच कापा, अख्खं बोट भिजवू नका. फॉइल गुंडाळून वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल टाका. पंधरा मिनिटांनी जे आपण होऊन सुटलंय तेवढंच ढकला. राहिलं तर परत गुंडाळा. पुशरला जोर लावावा लागत असेल तर वेळ झालेली नाही, एवढं एक मनगटाला कळलं की झालं.

अ‍ॅसिटोनबद्दल घरात काम करणाऱ्यांनी फार जपावं. ते पटकन पेट घेतं, अगदी थंडीतसुद्धा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. सुरुवातीला माझं टेबल देवघराच्या भिंतीला लागून होतं. आमच्या आई (माझ्या सासूबाई) रोज सांजेला निरांजन लावतात. एकदा मी फॉइल उघडत होते आणि चार फुटांवर ज्योत तेवत होती. ते ध्यानात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आईंचा दिवा जागचा हलला नाही, माझं टेबल हललं. आता ते गॅलरीच्या दाराशी आहे, दार उघडं असतं, बाहेर ओढणारा पंखा बसवलाय आणि अ‍ॅसिटोनचा कापूस झाकणाच्या डब्यात पडतो. स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही. जागा नाही म्हणून करते म्हणाल तर सुरूच करू नका.

लावतानाची एकच गोष्ट सांगते, कारण ती आयुष्यभराची आहे. ओलं जेल कातडीला लागू देऊ नका. बऱ्याच जेलांमध्ये एचईएमए, म्हणजे हायड्रॉक्सिइथिल मेथाक्रिलेट असतं. ते कच्चं असताना पुन्हापुन्हा कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी बसते. बोटांची टोकं खाजतात, सोलवटतात, फोड येतात. एकदा बसली की जात नाही आणि पुढं दातात सिमेंट भरतानासुद्धा त्रास होऊ शकतो, कारण त्यातही त्याच जातीची रसायनं असतात. युरोपात 2020 साली नियम झाला की हा घटक असलेली नखांची उत्पादनं व्यावसायिकांनीच वापरावीत. आपल्याकडे ऑनलाइन किट कुणीही मागवतं आणि कॉलेजच्या पोरी हॉस्टेलवर बसून एकमेकींना लावतात. जेल कडेला गेलं तर लॅम्पमध्ये घालायच्या आधी पुसा. लॅम्प जेलच्याच कंपनीचा असेल तर उत्तम, कारण अर्धवट घट्ट झालेलं जेल वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आतून कच्चं राहतं. ग्राहकापेक्षा जास्त धोका आपल्याला, आपण रोज आठ तास त्यात असतो.

सांगलीत काम करायचं तर इथले हात ओळखावे लागतात. आमच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या टेबलावर हळद येते ती डाग होऊन. नवरीला पांढऱ्या टोकांची नखं करून दिली आणि दुसऱ्या दिवशी हळद लागली की सगळी पिवळी. म्हणून मी नवरीला हळदीनंतरचीच वेळ देते. घाईत नाहीच जमलं तर स्पिरिटनं पुसून थोडा डाग निघतो, बाकीचा उन्हानं फिका पडतो. तसंच भाकरीचं. ज्या बाईला सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या आहेत तिला लांब टिपा लावून देणं म्हणजे तिला आठ दिवसांत परत बोलावणं. टिप कडेनं उचलली जाते, त्या फटीत पाणी राहतं आणि नख हिरवं पडतं. तो जंतूंचा डाग असतो, त्यावर रंग लावून झाकायचा नाही. सगळं काढायचं, नख कोरडं ठेवायला सांगायचं आणि राहिलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं. नखुरडं झालेल्या बोटालाही हात लावायचा नाही.

मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स येतात. मी त्यांना एक्स्टेन्शन, म्हणजे नकली लांब नखं, करून देत नाही. पेशंटला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय. त्यांची नखं कापून, आकार देऊन, बफ करून देते. दोघी-तिघी नाराज होऊन गेल्या, जाऊ देत.

आणि काढायचे पैसे घ्या. "लावायला पैसे दिले, आता काढायला कसले?" हे रोज ऐकू येईल. मी 200 रुपये घेते आणि जेल लावतानाच सांगते. फुकट केलं की आपोआप घाई होते आणि ग्राहकही घरी बसून दातांनी, नाहीतर नेलकटरनं उपटते. पैसे घेते म्हणून मी अर्धा-पाऊण तास देऊ शकते. याला दोनच अपवाद ठेवलेत. एक, माझ्याच हातानं बिघडलेलं काम. दुसरा, दवाखान्यात जाणारी बाई. गेल्या पावसाळ्यात रात्री नऊला फोन आला, "ताई, सकाळी मिरजेला सिझर आहे, नखं काढून या म्हणालेत." ऑपरेशनच्या वेळी बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, नखाचा रंगही बघतात, म्हणून जेल नको असतं. दिवस भरलेली बाई जिना कशी चढणार म्हणून मीच सामान घेऊन गेले. अ‍ॅसिटोनचा वास तिला नको म्हणून खिडकीशी बसवलं, हात तेवढे बाहेर कट्ट्यावर ठेवले. दहा बोटांना सव्वा तास लागला. तिची आई शेजारी बसून कापसाचे तुकडे कापून देत होती.

कोर्स किती दिवसांचा करावा, याचं उत्तर राहिलंच. दिवस मोजू नका, किती हातांवरचं काढायला देतात ते विचारा. "ते सोपं असतं, घरी जमेल" म्हणाले तर दुसरीकडे बघा.

सामान घेण्याआधी माझ्याकडे एक दिवस येऊन बसा. सोमवारी मी नवं काही लावत नाही, फक्त काढायचं काम असतं. दुपारी दोनपासून या. तुमच्या नखांवर जुनं जेल असेल तर तसंच राहू द्या, घरी उपटू नका. तेच आधी काढू.