माझ्या बाई आणि अम्माचं बिडीकार्ड

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून, आणि पहिलं कोण आठवलं असेल तर आपल्या गणिताच्या बाई. नाव लिहीत नाही कारण बाईंना ते आवडणार नाही, पण नव्वदच्या दशकात आपल्या शाळेत जे होते त्यांना सांगायची गरजच नाही. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत कायम कुणाचा तरी अर्धवट भरलेला फॉर्म.

मी १९९९ ची दहावी. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, मराठी फक्त शाळेत. वडील आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर एका यंत्रमागवाल्याकडे रात्रपाळी करायचे. अम्मा घरी बिड्या वळायची. म्हणजे आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच आया वळायच्या. रात्री पानं भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पहाटे कात्रीनं कापायची, मग सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखू भर, दोरा गुंडाळ, तोंड मोड. शाळेतून आल्यावर दप्तर टाकलं की आम्ही मुलीपण बसायचो, तोंडं मोडायचं काम आमच्याकडे. पण शाळेत हे कुणी बोलायचं नाही हं. आई काय करते विचारलं की सगळ्या मुली म्हणायच्या घरकाम.

सातवीत शेकडेवारी शिकवताना बाईंनी फळ्यावर गणित घातलं, हजार बिड्या ब्रँचला (म्हणजे कारखान्याच्या बिड्या जमा करायच्या जागी) नेल्या, पन्नास छाट (म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या) निघाली, तर शेकडा किती? मागच्या बाकांवरून एकदम हात वर! ज्या मुली वर्षभर तोंड उघडत नव्हत्या त्या ओरडून सांगायल्या, बाई पाच टक्के! आणि एक जण तर म्हणाली, बाई पाच नाही, आमच्या ब्रँचला जास्तच काढतात, आणि पैसे कापतात पण बिड्या परत देत नाहीत. बाईंनी तो सगळा तास तिलाच बोलू दिलं, किती मजुरी, किती कापली, हिशेब फळ्यावर. त्या दिवसापासून आम्हाला गणित आपलं वाटायला लागलं.

आता मुख्य गोष्ट. आठवी झाली आणि घरी ठरलं की हिला आता बसवायचं. फीचा प्रश्न नव्हताच, आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत होतं. पण घरी बसलेली मुलगी दिवसाला जेवढ्या बिड्या वळते तेवढे पैसे घरात येतात, ते कोण माफ करणार? फी माफ केली की गरिबांचं शिक्षण फुकट झालं असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब कधी कळतच नाही.

बाई घरी आल्या. अम्मानं बसायला पाट दिला, आणि म्हणाली, "बाई, धा शिकून बी बिड्याच वळणार की पोरगी." बाई त्यावर वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमचं बिडीचं कार्ड, म्हणजे बिडी कामगाराचं ओळखपत्र, दाखवा. कारण केंद्राच्या कामगार खात्याकडून बिडी कामगारांच्या मुलांना स्कॉलरशिप मिळते, कार्ड असलं की फॉर्म भरता येतो, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. पत्र्याच्या ट्रंकेतून कार्ड निघालं तर त्यावर अम्माचं माहेरचं नाव! लग्नाआधीच वळायला बसली होती ती, कार्ड तेव्हाचं. आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर सासरचं. अम्मा एकदा कचेरीत जाऊन आली, खिडकीवरच्या माणसानं नाव जुळत नाही म्हणून फॉर्म परत दिला, पुढं काय करायचं ते सांगितलं नाही. ती घरी येऊन गप सूप घेऊन बसली.

मग बाईंनी मधल्या सुट्टीनंतर हाफ डे टाकला आणि आम्हा दोघींना रिक्षात घालून कोर्टात नेलं. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसायचे, त्यांच्याकडून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की ही आणि ती बाई एकच. अम्माला सही येत नव्हती, अंगठा. आणि अंगठा उमटेचना. वर्षानुवर्षं पानं दोरा तंबाखू करून बोटावरच्या रेषाच घासून गेलेल्या, कागदावर नुसता निळा डाग यायचा. टायपिस्ट वैतागला, म्हणाला हे चालणार नाही. बाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, अम्माचा अंगठा धुतला, स्वतःच्या पदरानं कोरडा केला, आणि हात धरून हळूच दाबला. तिसऱ्यांदा चार रेषा आल्या. अम्मा तेलुगूत पुटपुटत होती, लाजली होती, की मास्तरीणबाईनं आपला हात धरला. मला ते अजून डोळ्यापुढे दिसतं.

स्कॉलरशिप मंजूर झाली. रक्कम फार नव्हती, पण शाळेत गेल्यानं पोरीचे पैसे येतायत हे वडिलांना दाखवता आलं, तेवढ्यावर नववी झाली, नववीवर दहावी, मग बारावी सायन्स, इंजिनिअरिंग. आज मी पुण्यात आयटी कंपनीत टीम सांभाळते, घर घेतलं, अम्मा माझ्याकडे असते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मात्र तिला सोलापूरलाच यायचं असतं, नंदीध्वज बघितल्याशिवाय तिची संक्रांत होत नाही.

पण माझ्या शेजारी बाकावर बसायची ती? गणितात माझ्यापेक्षा हुशार, पाढे तीस पर्यंत तोंडपाठ, बाई वर्गात नसल्या की आम्हाला तीच शिकवायची. तिची आई वळलेल्या बिड्या सासूच्या कार्डावर द्यायची, स्वतःचं कार्डच नव्हतं. बाईंनी तिच्यासाठीपण खूप धडपड केली, पण कागदच नाही तर बाई तरी काय करणार. नववीत ती घरी बसली. पुढं २००६ ला सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली तेव्हा तिच्या सासरच्यांना तिथं घर मिळालं, चांगलं झालं, ती अजून बिड्या वळते. आमच्या दोघींच्या डोक्यात काही फरक नव्हता, फरक एका कार्डाचा होता, हे मी कुणाहीपुढं सांगते.

मागच्या दिवाळीत शाळेत जाऊन आले. पोरं कमी झालीत, ज्यांना जमतं ते सगळे इंग्लिश मीडियमला गेले, आपल्याकडे उरली ती ज्यांना कुठं जाता येत नाही ती. वाईट वाटलं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत काही मुलं खाजगी शाळेत जातात, पण ते आठवीपर्यंतच, नववीला फी भरायची वेळ आली की काय? २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग मेडिकलची फी माफ झाली, फार चांगला निर्णय, पण तिथपर्यंत पोचायला आधी नववी दहावी ओलांडावी लागते ना. आणि आठवीला एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या गरीब हुशार मुलांसाठीच्या स्कॉलरशिपची, परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२००० रुपये, ती तर अनुदानित आणि सरकारी शाळांतल्या मुलांसाठीच आहे, विनाअनुदानित खाजगीवाल्यांना बसताच येत नाही. म्हणजे आपल्या मुलांच्या हक्काचीच. तिचा फॉर्म भरायला कुणीतरी पाहिजे. प्रत्येक वर्गात एक बाई पाहिजे.

म्हणून समितीला माझी विनंती आहे, देणगीतून कमान आणि स्टेज होईल तेव्हा होईल, आधी ऑफिसशेजारची ती बंद खोली उघडून द्या. आमच्या बॅचच्या काही मैत्रिणी तयार आहेत, कॉम्प्युटर प्रिंटर आम्ही देतो. आठवीच्या मुलांचे उत्पन्नाचे दाखले, आईचं कार्ड, आधार, बँक पासबुक, सगळीकडे नाव एकच आहे का ते जूनमध्येच बघायचं, शेवटच्या तारखेला नाही. शनिवारी यायचं म्हटलं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून नाही, इकडून निघते, त्यामुळे मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मानं येत जाईन. नंबर शाळेच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, वर्गशिक्षकांनी फोन करावा.