ढग्या

मारिओ या व्हिडिओ गेममधला सगळ्यात बेकार दुश्मन कोणता असं विचारलं, तर बहुतेक जण त्या हातोडे फेकणाऱ्या जोडीचं नाव घेतील. आम्हा पोट्ट्यांचा राग मात्र ढग्यावर. त्याचं खरं नाव लाकिटू, हे मला फार उशिरा कळलं.

२००१ चा उन्हाळा. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. कापसाची उलंगवाडी झालेली, अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग, आणि चुलतभावाने शहरातून आणलेला टीव्हीला लावायचा मारिओचा गेम. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. लाईनीचा भरवसा नाही. एकदा गेली की सगळं पहिल्यापासून. म्हणून आम्ही दुसऱ्याच पायरीवर, १-२ मध्ये, विटांच्या छतावर चढून पार टोकापर्यंत पळायचो. तिथे तीन पाइप. डावीकडच्या पाइपात उतरलं की थेट चौथ्या जगाची पहिली पायरी, ४-१, आणि तिथे ढग्या हजर. त्यामुळे त्याची-आमची गाठ रोजची, कधी कधी दिवसातून सहा वेळा.

बाकीचे दुश्मन जमिनीवरचे. येतात, उडी मारली की चेपतात. हा ढगात बसून वरून सोबत चालतो. चष्मा लावलेलं डोकं ढगात घालतो, पुन्हा वर काढतो, अन् टाकतो एक गोळा. गोळा जमिनीला टेकला की त्याला पाय फुटतात आणि तो आपल्याच दिशेने चालू लागतो. पाठीवर काटे, त्यामुळे त्याच्यावर उडी मारली की आपणच मेलो. त्यांना आम्ही सराटे म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? पावसाळ्यात बांधावरून अनवाणी गेलेल्याला वेगळं सांगायला नको. हे सराटे लाल असतात, हे मला नागपूरला मामाच्या रंगीत टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं.

आजी दारात तूर निवडत बसायची. एकदा बराच वेळ बघून म्हणाली, "ढगातून पानी पडते. हा काटे काऊन पाडते बे?"

याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

चुलतभावाची चूक एकच, तो थांबायचा. सराटा जाऊ दे, मग निघू, असा त्याचा हिशोब. तेवढ्यात वरून दुसरा, तिसरा. मी मात्र न थांबता पळायचो, आणि विटेवर चढायची संधी मिळाली की तिथून उडी मारून थेट ढग्याच्या डोक्यावर. मेला! पण थोड्या वेळाने दुसरा ढग्या येतोच. फुल खाऊन आगीचे गोळे मिळाले असतील तर सराटेही मरतात, पण आमच्याकडे ते फुल टिकायचं कुठे?

गेम १९८५ चा. तो बनवणाऱ्या निन्तेन्दो कंपनीने ढग्याला नंतरही सोडलं नाही. १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये त्याला पाडून त्याचाच ढग घेऊन उडता येतं. १९९२ च्या मारिओ कार्टमध्ये तो गळाला दिवे टांगून शर्यत सुरू करतो, खड्ड्यात पडलेल्याला उचलून रस्त्यावर आणतो. १९९६ च्या मारिओ ६४ मध्ये तर कॅमेराच त्याच्या हातात. ज्याने आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला, तोच आता सरकारी माणूस! मला ते काही पटलं नाही.

जपानीत त्याला जुगेमु म्हणतात. तिकडच्या एका जुन्या विनोदी कथेत भलंमोठं लांबलचक नाव ठेवलेलं एक पोरगं आहे, त्या नावाची सुरुवात ही. तो टाकतो त्या गोळ्यांचं पाइपो हे नावही त्यातलंच. चुलतभावाला फोनवर हे सांगितलं, तर म्हणे, "ढग्याच बरं होतं."

४-१ चा शेवट जवळ आला की ढग्या आपोआप मागे वळून निघून जायचा. पुढे मोकळी जमीन, पायऱ्या, झेंडा. झेंडा खाली यायचा, पॉइंट मोजणं सुरू व्हायचं, टुकटुकटुक. आणि बरेचदा तेवढ्यातच लाईन जायची.