१८५३ : ठाण्याची गाडी आणि पेरींची जहाजे

ठाण्यात वाढलेल्या माणसाला १८५३ हे साल वेगळे पाठ करावे लागत नाही. १६ एप्रिलला बोरीबंदरहून सुटलेल्या गाडीची गोष्ट त्याने शाळेत जाण्याआधीच घरी ऐकलेली असते. त्याच वर्षी ८ जुलैला अमेरिकेचे कमोडोर मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या उरागापाशी येऊन ठाकले, हे मला मात्र फार उशिरा कळले.

पेरी कशासाठी गेले, याचे रोकडे उत्तर तयार आहे. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया ताब्यात आल्यावर अमेरिकेला चीनच्या व्यापाराची वाट समोर दिसू लागली होती, त्या वाटेवर वाफेच्या जहाजांना कोळसा हवा होता आणि देवमाशांच्या शिकारीला गेलेले, जहाज फुटून जपानच्या किनाऱ्याला लागलेले खलाशी सुखरूप परत यायला हवे होते. ३१ मार्च १८५४ च्या कानागावा तहाने शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरे उघडली ती बहुतांशी या गरजांपुरतीच. खरा व्यापारी करार अमेरिकेचे जपानमधील प्रतिनिधी टाउनसेंड हॅरिस यांनी १८५८ मध्ये केला.

तरीही मी अडकतो तो पेरींनी दुसऱ्या फेरीत नेलेल्या भेटवस्तूंपाशी. त्यांत तारयंत्र होते आणि रुळांसकट एक छोटे वाफेचे इंजिनही होते. डबा इतका लहान की जपानी अधिकारी त्याच्या छपरावर बसून फेऱ्या मारत. कोळसा मागायला आलेल्याने आगगाडी का दाखवावी? आपली सुधारणा श्रेष्ठ आहे आणि ती इतरांनी स्वीकारावी, ही खात्रीही त्याच जहाजातून आली होती. (आपली गाडी तरी निव्वळ उतारूंच्या सोयीसाठी कुठे आली होती, तिला पुढे घाटावरचा कापूस बंदरात आणायचा होता.)

हवाईत या दोन प्रेरणा एकाच घरात नांदल्या. ज्या अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्याच संस्थेचे मिशनरी १८२० मध्ये तेथे पोहोचले आणि त्यांच्या पुढच्या पिढीतील काहींनी उसाचे मळे व राजकारण हाती घेतले. हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जात असे; १८९० च्या अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने सर्वच कच्च्या साखरेवरील जकात उठवून अमेरिकी उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले, तेव्हा हवाईची ही सवलत निरर्थक ठरली. १८९३ च्या जानेवारीत राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले. पुढे प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झालेले सॅनफर्ड डोल हे मिशनरी दांपत्याचे पुत्र होते. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली.

आपल्याकडे त्याच बोर्डाने मराठी छापखाना काढला, शाळा चालवल्या. येथील जमीन आणि बंदर आधीच इंग्रजांच्या ताब्यात होते.