डाकारला फ्रेंच चालतं, पण सुरुवात वोलोफनं करा

सेनेगलला दोन आठवडे जाऊन आले, डाकार आणि मग दक्षिणेला झिगिंशोर. जायच्या आधी ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर, फ्रेंच येतं ना मग झालं. ते अर्धंच खरंय. बोर्ड, फॉर्म सगळं फ्रेंचमध्ये, सरकारी भाषाच ती, पण रस्त्यावर, बसमध्ये कानावर पडतं ते वोलोफ, आणि ज्यांच्या घरी पुलार नाहीतर सेरेर बोलतात तेही बाहेर पडले की वोलोफच बोलतात.

पैशांचं आधी सांगते कारण तिथेच सगळे अडकतात. डाकारच्या एचएलएम बाजारात कापडाचा भाव विचारला तर बाई म्हणाली 'न्यारी तेमेर'. म्हणजे 200, तेवढं मी पाठ केलेलं, म्हणून 200 फ्रँक पुढे केले. तिने मान हलवली, गठ्ठ्याखालून 1000ची नोट काढली आणि कापडावर ठेवून बोटाने सरळ केली. वोलोफमध्ये पैसे देरेममध्ये मोजतात, 1 देरेम म्हणजे 5 फ्रँक. आपल्याकडे आणे बंद झाले तरी 25 पैशांना चार आणेच म्हणायचे ना, तसंच. त्यामुळे आकडा वोलोफमध्ये ऐकलात तर पाचने गुणा, फ्रेंचमध्ये सांगितला तर आहे तसाच घ्या.

काहीही विचारायच्या आधी नमस्कार हवाच. 'नांगा डेफ?' म्हणजे कसे आहात, उत्तर 'मांगी फी', शब्दशः 'मी इथंच आहे'. मला हे उत्तर फार आवडलं. थेट कामाचं बोललात तर उद्धट वाटतं.

झिगिंशोरला डाकारहून रात्रभराची बोट आहे, तिकीट आधी काढा, पासपोर्ट जवळ ठेवा. तिथे मात्र वोलोफची घाई करू नका, ती उत्तरेकडची भाषा, काहींना ती लादल्यासारखी वाटते. तिथल्या जोला समाजातल्या माणसाला त्याच्या भाषेत 'कासुमाय' म्हणून नमस्कार करा, तो 'कासुमाय केप' म्हणेल. आम्ही उतरलो होतो तिथल्या काकू आईशी जोला, शेजारणीशी मांदिंका, फोनवर वोलोफ आणि माझ्याशी फ्रेंच बोलायच्या, सगळं एकाच ओसरीत बसून, तांदूळ निवडता निवडता. मी विचारलं तुमची मातृभाषा कोणती, तर त्या थांबल्याच, म्हणाल्या आईची विचारतेस की माझी? तेव्हापासून मी 'घरी काय काय बोलता' असंच विचारायला लागले, तुम्हीही तसंच विचारा, लोक मग भरभरून बोलतात.