तुम्ही विचारलंत म्हणून: रोजचंच नाटकात कशाला?

"मास्तर, हे तर आम्ही रोज बघतोय की. तेच परत नाटकात कशाला बघायचं?"

जत्रेतला प्रयोग संपतो, पोरं पडदे सोडवायला लागतात आणि कुणीतरी जवळ येऊन हे विचारतंच. निपाणीकडच्या गावांत विचारतात, खानापूरकडे विचारतात, बेळगावजवळच्या कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात मंडपाबाहेर चहा घेतानाही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री राजा, तलवार, गाणं हवं असेल तर त्यात वावगं काहीच नाही. मी उत्तर द्यायला लागतो, तेवढ्यात टेम्पो भरून झालेला असतो आणि उत्तर अर्धंच राहतं. आज पुरं करतो.

आमच्या नाटकात तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई आहे. संध्याकाळी ती घरी येते, तिचं लहान पोर धावत येतं आणि ती त्याला उचलून छातीशी धरते, असा प्रवेश मी लिहिला होता. तालमीला आमच्या गल्लीतली एक म्हातारी येऊन बसायची. तिचा जन्म वखारीत गेलेला. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मास्तर, वखारीतनं आलेली बाई पोराला असं उचलत न्हाई. आधी हात धुती, लुगडं झाडती. तसल्या हातानं पोराच्या डोळ्याला लागलं तर रातभर रडतंय ते."

मी निपाणीत वाढलो. हंगामात हवेत भरलेला तंबाखूचा तो खाट नाकात घेऊनच शाळेत गेलो, पुढं शिकवलंही. संध्याकाळी वखारी सुटल्यावर रस्ताभर चालणाऱ्या बायका शेकडो वेळा पाहिल्या. पण घरात पाऊल टाकल्यावर त्या पहिल्यांदा काय करतात, हे मला ठाऊक नव्हतं. रोज बघतो म्हणणाऱ्यांत मीही होतो.

आम्ही प्रवेश बदलला. पोर धावत येतं, आई दोन्ही हात वर धरते, अंग चोरून बाजूला होते आणि मोरीकडे जाते. पोर मागं रडत उभं. तांब्यानं पाणी घेऊन ती हात चोळत राहते. संवाद एकही नाही. एका हितचिंतकानं सुचवलं, "आधी मिठी मारू दे, लोक रडतील." मी ऐकलं नाही. पहिल्या प्रयोगात पुढं ताडपत्रीवर बसलेल्या बायकांतून आवाज आला, "धू गं, आधी धू!" पाठोपाठ पोराला दम, "थांब की जरा, आई यायलीया!"

वास्तववाद, म्हणजे जगणं जसं आहे तसं मांडणं, या शब्दाचं मला कळलेलं सगळं या एका प्रवेशात आहे. बाकीचं मी पुस्तकांतून शिकलो. पॅरिसमध्ये १८५५ साली कुर्बे या चित्रकारानं मोठ्या सरकारी प्रदर्शनाच्या शेजारी स्वतःचा मंडप टाकला आणि त्यावर हाच शब्द लिहिला. देवदेवता आणि राजेरजवाडे सोडून त्यानं खडी फोडणारे मजूर आणि खेड्यातली मयत रंगवली होती. १८५७ साली फ्लोबेर या फ्रेंच लेखकावर 'मादाम बोव्हारी' या कादंबरीसाठी अश्लीलतेचा खटला चालला, त्यातून तो सुटला. आणि त्याच १८५७ साली मराठीत 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. लिहिणारे बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मलेले. नायिका नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती ऐकते. पुस्तकात धर्मप्रसाराचा हेतू आहे, तो लपतही नाही. पण केशवपन झालेल्या बाईचं दुःख गोष्टीचा विषय होऊ शकतं, हे मराठीला त्या पुस्तकानं दाखवलं. आपल्या गावच्या माणसानं हे केलंय, याचा मला फार अभिमान वाटतो. शाळेत मी हे वर्ष मुलांकडून पाठ करून घ्यायचो.

रंगभूमीवर ही वाट अवघड होती. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'बाहुलीचं घर' नाटकातली नोरा १८७९ मध्ये कोपनहेगनच्या रंगमंचावर नवरा आणि मुलं मागं ठेवून घर सोडून गेली. जर्मनीत तो प्रयोग व्हायची वेळ आली तेव्हा तिथली नटी म्हणाली, मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेननं नोरा घरातच राहते असा शेवट लिहून दिला, आणि तो रानटी अत्याचार आहे असंही स्वतःच म्हटलं. आमच्या मिठीचा सल्ला ऐकताना मला हीच गोष्ट आठवत होती.

आपल्याकडे देवलांची 'शारदा' १८९९ ची. देवल बेळगावात शिकले, इथल्या शाळेत शिकवलंही. शारदेत गाणी भरपूर आहेत, तरी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती पोर प्रत्येकाच्या ओळखीची होती. पुढे १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. ते नॉर्वेच्या ब्यर्न्सनच्या नाटकावरून घेतलेलं, आणि त्यात बायकांची कामं बायकांनीच केली.

खरी वस्तू रंगमंचावर मांडली की काम झालं, असं मलाही एके काळी वाटायचं. पॅरिसमध्ये आंत्वान नावाचा गॅस कंपनीतला कारकून होता. त्यानं १८८७ मध्ये स्वतःचं थिएटर काढलं आणि पुढच्या वर्षी खाटकांवरच्या एका नाटकात खरं मांस टांगलं. हे वाचून मी तालमीला खऱ्या जर्द्याचं पोतं आणलं होतं. ते उघडल्यावर सगळे शिंकून, खोकून बेजार झाले आणि आमच्या बाईला एक वाक्यही धड बोलता येईना. पोतं परत गेलं. त्या पोत्यानं जे साधलं नाही ते तांब्याभर पाण्यानं साधलं. बाईच्या दिवसातले बारा तास मी टाकून दिले आणि मोरीपाशी उभं राहण्याचे दोन क्षण ठेवले. लेखकाचं काम हेच, पण कोणते दोन क्षण ते म्हातारीनं सांगितलं.

आता दुसरा प्रश्न, जो हळू आवाजात विचारला जातो. "मराठी नाटकात कन्नड वाक्य कशाला घातलंत?"

नाटकात नळापाशी दोन शेजारणी आहेत. एक विचारते, "पाणी आलं काय गं?" दुसरी म्हणते, "इन्नू बंदिल्ला." पहिली म्हणते, "मग चल की हिरीवर." अजून आलं नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ, आणि आपल्याकडे तो कुणाला सांगावा लागत नाही. ते वाक्य काढा म्हणून मला निरोप आले. त्यामागची कळ मला समजते. १९५६ साली आपला हा मराठी मुलूख कन्नड राज्यात घातला, तेव्हापासून आपण काय सोसलं ते मला कुणी सांगायला नको, १ नोव्हेंबरच्या निषेध फेरीत मीही चालत आलोय. पण त्या दोघी तीस वर्षं एकाच नळावर भांडतात आणि एकमेकींच्या घरी बाळंतपणाला धावतात. एकीच्या तोंडी पुण्याचं शुद्ध मराठी घालायचं आणि दुसरीला गप्प करायचं, हे मला जमणार नाही. आपली मराठी इथं टिकली ती अशा नळांवर टिकली. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी पिठाची गिरणी चालवता चालवता ड्रायव्हर, गॅरेजमधले मिस्त्री, तंबाखूतल्या बायका लिहिल्या, त्यांच्याच बोलीत लिहिल्या. त्या गिरणीचं पीठ अंगावर घेऊन लिहिलेली मराठी मला कुठल्याही व्याकरणापेक्षा जवळची आहे. वाक्य राहिलं आहे, राहील.

पुढच्या जत्रेसाठी ऊसतोडीच्या टोळीवर लिहितोय. तालमी जेवणं झाल्यावर, नऊच्या पुढं, शाळेच्या मागच्या खोलीत सुरू होतील. गल्लीतली म्हातारी गेल्या पावसाळ्यात वारली. तिची भिंतीकडेची जागा रिकामी आहे. रोज बघता म्हणालात ना, मग एक दिवस येऊन बसा तिथं, आणि कोयता धरायला चुकला की तिथंच थांबवा आम्हाला.