नवीन क्लच टाकण्याआधी जुनी प्लेट नीट बघा

गाडी चालू झाली एकदाची. सलग तीन वीकेंड गाडीखाली झोपून गेले, पण क्लचबद्दल (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी-तोडणारी घर्षणाची प्लेट) जे कळलं ते आधी कळलं असतं तर निदान एक क्लच तरी वाचला असता, म्हणून लिहून ठेवतोय. जुनी फोर बाय फोर वापरणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

सुरुवात कुठून झाली सांगतो. वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर जायचा आणि स्पीड तिथल्या तिथंच. क्लच स्लिप होतोय, म्हणजे पकड सोडून घसरतोय, हे लगेच कळलं, पण खरी सूचना त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. पेडल जड होत चाललं होतं आणि मी समजत होतो की हायड्रॉलिक लाईनमध्ये काहीतरी अडकतंय. डायफ्रॅम स्प्रिंगवाल्या (थाळीसारखी चपटी स्प्रिंग) प्रेशर प्लेटमध्ये, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागात, प्लेटवरची घर्षणाची लायनिंग झिजत जाईल तशी स्प्रिंगची बोटं मागे सरकतात आणि पेडल हळूहळू जड होतं, आणि हे इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला जाणवतच नाही, दुसरा कुणी चालवायला बसला की पहिल्या मिनिटाला विचारतो, 'अरे, क्लच किती हार्ड आहे तुझा!' माझ्या भावाने विचारलंही होतं. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

मग कुठला क्लच टाकायचा हा प्रश्न. गाडीला मूळच्या २९ इंची टायरऐवजी ३१ इंची टाकलेत, म्हणजे गिअरिंग साधारण ७ टक्क्यांनी उंच झालं (इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते), प्रत्येक वेळी गाडी उठवताना क्लचला जास्त घासावा लागतो. त्यामुळे पहिला विचार अर्थातच हेवी ड्युटीचा, त्यातही सिरॅमिक बटणवाल्या प्लेटचा. उष्णता सहन करण्यात ती प्लेट भारी आहे, वाद नाही. पण ती एकदम पकडते. दगडांमध्ये इंच इंच पुढे सरकायचं असतं तिथे क्लच हळुवार सुटायला पाहिजे, झटका बसला तर तो सगळा जुन्या गिअरबॉक्सवर, युनिव्हर्सल जॉइंटवर आणि अॅक्सलवर जातो. शिवाय प्रेशर प्लेट जास्त ताकदीची घेतली तर क्लच दाबताना तेवढाच जास्त जोर क्रँकशाफ्टच्या (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवर, येतो, आणि इतक्या वर्षांच्या इंजिनाला हे ओझं देणं मला पटत नाही. म्हणून मूळ मापाची, चांगल्या कंपनीची, साधी ऑर्गॅनिक लायनिंगवाली प्लेट घेतली. जड ट्रेलर ओढणाऱ्याचं किंवा इंजिनाचा टॉर्क वाढवलेल्याचं गणित वेगळं असेल, तिथे जास्त पकडीची प्रेशर प्लेट लागतेच. पण नुसते मोठे टायर आहेत म्हणून हेवी ड्युटी, हे मला चुकीचं वाटतं. त्यापेक्षा लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचा जास्तीचा हळू गिअर, वापरा. ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) लो रेशो अडीचच्या आसपास असला तर गाडी उठवताना क्लचवर येणारा भार अडीच पटीने कमी होतो. चिखलात, खडकांत हाय रेंजमध्ये हाफ क्लचवर (पेडल अर्धं दाबून) गाडी ढकलत बसणं हीच क्लच जाळायची सगळ्यात जलद पद्धत आहे, तो जळका वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की स्प्रिंगची बोटं ढकलणारं), पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) सगळं एकदमच बदला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र उतरवायचं काम एका बेअरिंगसाठी पुन्हा करायची इच्छा कुणालाच होत नाही.

उतरवण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. चारही चाकांना आधी दगड किंवा गुटके लावा. पुष्कळ जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला असतो, प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलकडे ताकद नेणारा दांडा) सोडला की हँडब्रेक गेला, आणि दोन्ही शाफ्ट सोडले की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते. तुम्ही खाली असता. शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या फ्लँजवर खुणा करून ठेवा म्हणजे शाफ्ट होते तसेच परत बसतील. आणि आतली धूळ हवेच्या प्रेशरने अजिबात उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता मुद्द्याचं. प्लेट बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा मी थांबलोच. लायनिंग झिजलेली होती पण रिव्हेटपर्यंत अजून जागा शिल्लक होती. फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या टोकाची जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) बाजू मात्र काळी, काचेसारखी चकचकीत, बोट फिरवलं तर चिकट. ऑइल! वास घेऊन बघितला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नव्हता, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेलं नाही, इंजिन ऑइल आहे, क्रँकच्या मागच्या सीलमधून. आणि मला एकदम आठवलं की बेल हाऊसिंगच्या (क्लचभोवतीचं घंटेच्या आकाराचं आवरण) खालच्या भोकाशी नेहमी एक थेंब लटकलेला असायचा आणि मी तो दर वेळी पुसून टाकायचो. याआधीचा क्लच एका वर्कशॉपमध्ये टाकला होता, तिथे सीलला कुणी हातच लावला नव्हता. नवी कोरी प्लेट त्याच गळतीखाली बसवून दिली. त्याचा मला अजूनही राग येतो, कारण गिअरबॉक्स उतरलेला असताना ते सील समोर दिसत असतं.

सील बदललं. पण सील का गेलं हेही बघायचं ठरवलं आणि क्रँककेस ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारा, पाईप काढला तर आत काळा लगदा, फुंकर मारली तरी हवा जाईना. ब्रीदर बंद म्हणजे क्रँककेसमध्ये प्रेशर साठतं आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. एवढाशा पाईपमुळे आख्खा क्लच गेला होता. तो साफ केला नसता तर नवं सीलही गळलं असतं.

फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा होत्या. चिरा वरवरच्या होत्या म्हणून लेथवर फेस मारून घेतला, खोल असत्या तर फ्लायव्हीलच बदललं असतं. नुसता पॉलिश पेपर मारून भागत नाही, निळ्या डागांखालचं लोखंड कडक झालेलं असतं, ते तसंच राहिलं की क्लच सोडताना गाडी थरथरते.

बसवताना प्लेटची बाजू तपासा, बहुतेक प्लेटवर छापलेलं असतं. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल क्लीनरने पुसा, स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टवरच्या खाचा) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, प्लेट मधोमध धरणारं अलाइनमेंट टूल घालून बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळा. शेवटचा बोटभर गॅप मात्र माझा बराच वेळ घेऊन गेला. गिअरबॉक्स पुढे जाईना. इथे बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो, तो करू नका, आणि गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. मी गिअर टाकला, मागची फ्लँज हाताने हळूहळू फिरवत राहिलो, भाऊ जॅक किंचित वरखाली करत होता, आणि एका क्षणी स्प्लाइन जुळले आणि सगळं धूड आपोआप सरकून बेल हाऊसिंगला टेकलं. तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की आम्ही दोघंही तिथंच पाच मिनिटं बसून राहिलो.

स्लेव्ह सिलेंडर (पेडलचा हायड्रॉलिक दाब क्लचपर्यंत पोचवणारा) नवीन टाकला, लाईनमधली हवा काढली. पेडल आता इतकं हलकं आहे की पहिल्या दिवशी पाय फारच जोरात पडत होता.

५०० किलोमीटर शांतपणे चालवली, ओझं नाही, ट्रेलर नाही, ऑफ रोड नाही. काल खाली वाकून बेल हाऊसिंगच्या भोकात बोट घालून बघितलं. कोरडं होतं.